व्होल्टेज कोसळते तेव्हा
(लेखांक सहावा)

वाऱ्याचा जोर वाढला की पाती कशी वळवतात, हे मागच्या लेखात आले. वारा आवरणे हा कामाचा एक भाग. ग्रीडशी जमवून घेणे हा दुसरा, आणि माझ्या मते तोच अधिक अवघड.

तारेवर वीज पडली किंवा फांदी कोसळली की शॉर्टसर्किट होते आणि दूरवरच्या परिसरात व्होल्टेज खाली जाते. ब्रेकर ती लाइन सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास तोडतो. तेवढ्या वेळात पवनचक्कीने काय करायचे? पूर्वी ती सरळ ट्रिप होई. चक्क्या मोजक्या होत्या तोवर चालून गेले. पण शेकडो मेगावॉट एका झटक्यात गळाले, तर किरकोळ फॉल्टही अख्ख्या राज्याला अंधारात लोटू शकतो. म्हणून आपल्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांत पुढे अट आली: ६६ केव्ही व त्यावरच्या ग्रीडला जोडलेल्या पवनप्रकल्पांनी, व्होल्टेज नेहमीच्या १५ टक्क्यांवर आले तरी ३०० मिलिसेकंद ग्रीड सोडायचे नाही.

ही अट पाळणे जनित्राच्या जिवावर बेतणारे असते. अनेक पवनचक्क्यांत स्टेटर थेट ग्रीडला जोडलेला असतो आणि रोटर कन्व्हर्टरमार्फत. पैसे वाचावेत म्हणून हा कन्व्हर्टर एकूण क्षमतेच्या साधारण तिसऱ्या हिश्शाचाच ठेवतात. व्होल्टेज कोसळले तरी स्टेटरमधले चुंबकीय क्षेत्र तत्क्षणी नाहीसे होत नाही. ते रोटरमध्ये प्रचंड व्होल्टेज निर्माण करते आणि त्यामुळे वाहणाऱ्या करंटने कन्व्हर्टर जळू शकतो. त्याला वाचवायला रोटरची वेटोळी रेझिस्टरमधून शॉर्ट करतात. या जोडणीला क्रोबार म्हणतात. पण क्रोबार लागलेला असताना जनित्रावरचा ताबा सुटतो आणि ते उलट ग्रीडकडूनच रिॲक्टिव्ह पॉवर ओढू लागते, म्हणजे आधीच खचलेले व्होल्टेज आणखी दाबते. त्यामुळे काही मिलिसेकंदांतच क्रोबार सोडून कन्व्हर्टरने सूत्रे घ्यायची आणि ग्रीडला रिॲक्टिव्ह करंट पुरवायचा. इकडे वारा थांबलेला नसतो. बाहेर न गेलेली शक्ती रोटरचा वेग वाढवत राहते. पाती वळायला वेळ लागतो, तोवर तो भार फिरत्या वस्तुमानालाच पेलावा लागतो.

इतके सगळे साधूनही काय राहून जाते, ते २८ सप्टेंबर २०१६ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियात दिसले. वादळात २७५ केव्हीच्या तीन लाइन गेल्या आणि दोन मिनिटांत व्होल्टेजने सहा वेळा गोते खाल्ले. एकेक गोता चक्क्यांनी झेलला. पण ठरावीक वेळात असे किती गोते सोसायचे, याचा आकडा त्यांच्या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरलेला होता. नऊ पवनप्रकल्पांनी उत्पादन घटवले, त्यांपैकी आठांनी तो आकडा ओलांडल्यामुळे. सात सेकंदांच्या आत एकूण ४५६ मेगावॉट कमी झाले. शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याकडून येणाऱ्या जोडलाइनवर तेवढा भार एकदम पडला, ती तुटली आणि सुमारे साडेआठ लाख ग्राहकांची वीज गेली. ग्रीड चालवणाऱ्या संस्थेला त्या आकड्याची कल्पनाच नव्हती. ती घट झाली नसती तर राज्य व्हिक्टोरियाशी जोडलेले राहिले असते, असे तिच्याच चौकशीत आढळले.

आकडा बदलणे सोपे होते, आणि तो लवकरच बदलला गेला. पण ग्रीडला जोडण्याची परवानगी देताना अशी प्रत्येक सेटिंग मागून घेऊन तपासली पाहिजे, आणि हा आग्रह आपल्या राज्यातल्या प्रकल्पांबाबतही धरला पाहिजे. पुढच्या लेखात फ्रिक्वेन्सी.