पुलाची नाडी पाहणारा प्रकाश

दिनांक ३ जुलै २०१८ रोजी सकाळी अंधेरी येथील गोखले पुलाचा पादचारी भाग रेल्वेमार्गावर कोसळला. या दुर्घटनेत दोघांना प्राण गमवावे लागले. पुढे ७ नोव्हेंबर २०२२ रोजी हा पूल वाहतुकीस बंद करण्यात आला व त्याच्या जागी नवा पूल उभारण्यात आला. पूल दुर्बल होत असल्याचे वेळीच कसे ओळखावे, हा प्रश्न उपनगरवासीयांच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा आहे.

वाहन जाताच प्रत्येक पूल किंचित थरथरतो. एका सेकंदात होणाऱ्या आंदोलनांची संख्या म्हणजे कंप्रता. प्रत्येक बांधकामाची स्वतःची अशी कंप्रता असते. सांधे सैल झाले की बांधकामाचा ताठपणा कमी होतो आणि ढिल्या तारेचा स्वर उतरावा तशी ही कंप्रता घटते. ती मोजण्याची उपकरणे एरवी पुलालाच जोडावी लागतात. खाली २५ हजार व्होल्टची तार असल्याने त्यासाठी रेल्वेचा ब्लॉक घ्यावा लागतो. लेसर किरणाने मात्र हे मापन दुरूनच करता येते.

स्पर्शाविना मापन

जवळ येणाऱ्या गाडीची शिट्टी चढ्या स्वरात ऐकू येते. त्याचप्रमाणे हलत्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशाची कंप्रताही बदलते. हेलियम-निऑन लेसरच्या तांबड्या प्रकाशाची कंप्रता सुमारे ४७४ लाख कोटी असते. पृष्ठभाग सेकंदाला एक मिलिमीटर वेगाने हलल्यास तीत अवघा ३,१६० च्या आसपास फरक पडतो. तो टिपण्यासाठी परतलेला किरण मूळ किरणात मिसळतात. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित विसंवादी असल्या की नाद कमीअधिक होत राहतो. तद्वत हा मिश्र प्रकाशही लुकलुकतो आणि ती लुकलुक मोजता येते.

हा किरण एका वेळी एकच बिंदू तपासतो. कॅमेरा मात्र विस्तृत भाग एकदम टिपतो. लेसरने उजळलेल्या खडबडीत पृष्ठभागावर ठिपक्यांची नक्षी दिसते. लागोपाठच्या छायाचित्रांत ही नक्षी किती सरकली, यावरून संगणक हालचालीचे गणित मांडतो.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. धडधडत जाणारी लोकल उपकरणाची तिवईही हलवते. तापमानानुसार पुलाची कंप्रता बदलते. एखाद्या कोपऱ्यातील गंज कंपनांतून उमगेलच असे नाही. म्हणून अभियंत्याच्या प्रत्यक्ष पाहणीला पर्याय नाही. तथापि, पूल नवा व सुदृढ असतानाच त्याची कंपने नोंदवून ठेवल्यास पुढील प्रत्येक तपासणीला तुलनेचा आधार मिळेल. निरोगी अवस्थेतील नाडी ठाऊक असली, तरच आजार लवकर ओळखता येतो.