आधी उत्तरं कशी दिली ते पाहा
एमएमपीआय-२ या व्यक्तिमत्त्व चाचणीत ५६७ विधानं असतात. प्रत्येकापुढे 'बरोबर' की 'चूक' एवढंच नोंदवायचं. निकाल आला की घरच्यांची नजर थेट नैराश्याच्या आकड्यावर जाते. जाणकार मानसशास्त्रज्ञ मात्र आधी उत्तरं कशी दिली आहेत ते पाहतो. कधीमधी चिडणं, थोडंफार खोटं बोलणं अशा सगळ्यांत असणाऱ्या उणिवाही कुणी सरसकट नाकारल्या, तर उत्तरं कशी दिली ते दाखवणारी 'एल' मापनी चढते. तशीच दुसरी मापनी 'एफ' चढली तर पेच मोठा. त्रास फुगवून सांगितला असेल, विधानं नीट कळली नसतील, किंवा माणूस खरोखरच कोलमडला असेल. यातलं नेमकं काय, ते समोर बसून बोलल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक मापनीवरच्या टी-गुणांकाची, म्हणजे प्रमाणित गुणाची, सरासरी ५०. तो ६५ च्या वर गेला म्हणजे आजार ठरला, असं कुणी सांगितलं तर मानू नका. तिथून पुढे बारकाईनं पाहायचं, इतकंच.