शंका, भय आणि श्रद्धा



छत्रपती संभाजीनगराहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर चितेगाव लागते. तेथील एका ख्रिस्ती भगिनीचे पत्र मागील महिन्यात माझ्या हाती आले. घरातील मिळवत्या माणसाचे काम सुटले आहे, धाकटे मूल सारखे आजारी असते, आणि रात्री दिवा मालवून प्रार्थनेस बसावे तो मनात येते, हे ऐकणारा कोणी आहे तरी का? असले मन घेऊन रविवारी चारचौघांबरोबर उपासनेस उभे राहणे हे ढोंग नव्हे काय, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

प्रश्न ख्रिस्ती घरातला असला तरी तो कोणत्याही देवघरापुढे विचारता येण्यासारखा आहे. भक्ताचे चित्त निःशंक आणि निर्भय असते, अशी आपली समजूत झालेली असते; आणि स्वतःच्या चित्ताकडे पाहिले की आपण त्या पंक्तीस बसण्यास लायक नाही असे वाटू लागते. परंतु ही समजूत ख्रिस्ती धर्मग्रंथातून आलेली नाही. मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एका बापाची हकीकत आहे. त्याच्या मुलास लहानपणापासून झटके येत असत. कधी तो विस्तवात पडे, कधी पाण्यात. बाप येशूपाशी येतो आणि तुम्हांस काही करता येत असेल तर करा, असे म्हणतो. येशू त्या ‘तर’वरच बोट ठेवतो. तेव्हा तो माणूस एका श्वासात आपला विश्वास आहे असेही सांगतो आणि आपल्या अविश्वासास साहाय्य करा अशी विनवणीही करतो. आधी अविश्वास घालवून मग ये, असे त्याला कोणी सांगत नाही. मूल बरे होते. पुढे गेथशेमाने बागेत तर स्वतः येशूच मरणाच्या विचाराने व्याकुळ झालेला दिसतो. शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनी हे झाकून ठेवले नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

ग्रंथातील ही गोष्ट महाराष्ट्रात प्रत्यक्ष कशी जगली गेली, हे पाहावयाचे तर दोन बायांची चरित्रे पुरेशी आहेत. पहिल्या पंडिता रमाबाई. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईबाप आणि बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. पदरी लहानगी मनोरमा घेऊन रमाबाई १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथील भगिनीसंघाच्या आश्रयास राहिल्या. तेथे त्यांच्यासमवेत आलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीच्या मनाचा तोल सुटला आणि तिने विष घेऊन प्राण दिला. परक्या मुलखात हा प्रसंग ओढवल्यावर थोड्याच दिवसांनी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

येथे कथा संपावयास हवी, असे वाचकास वाटते. ती येथे सुरू होते. ज्यांनी त्यांस आईप्रमाणे सांभाळले त्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार पुढे प्रसिद्ध झाला आहे. त्यात रमाबाई त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, पुरोहितवर्गाचा अधिकार, एकेक मुद्दा घेऊन प्रश्न करतात. मांसाहार तर त्यांनी पत्करलाच नाही. थोरांनी सांगितले म्हणून मानावे, हे त्यांस मान्य नव्हते. एका धर्मातील गुरुवचनाचे जू उतरवून दुसऱ्यातील मानेवर घेण्यास त्या तयार नव्हत्या. सिस्टरांना हा गर्व वाटला. मला तो गर्व वाटत नाही. जिला आपल्या श्रद्धेची काळजी नाही ती बाई अशी पाने भरभरून शंका लिहीत बसणार नाही. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपणांस खरी ओळख पटली, तोवर हाती आला होता तो धर्म, ख्रिस्त नव्हे, अशा अर्थाचे त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत सांगितले आहे. ध्यानात घ्या, त्या आठ वर्षांतच त्या अमेरिकेस जाऊन आल्या आणि १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईस त्यांनी शारदा सदन उघडले. मनातील वाद मिटेपर्यंत विधवांचे काम थांबवून ठेवले नाही. पुढे १८९३ मध्ये लोकक्षोभ झाला, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार सोडून गेले, पालकांनी मुली काढून नेल्या. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात हीच बाई मध्यप्रांतात जाऊन उपाशी मुलींना केडगावास घेऊन आली. उपासमार काय असते, हे तिला कोणी सांगावयास नको होते.

शंकेचे झाले. भय ही निराळी वस्तू आहे. ते बुद्धीत नसते, हातापायांत असते. त्यासाठी दुसरे चरित्र घेऊ. चितेगावचाच रस्ता पुढे पैठणास गोदावरीवर जातो, आणि त्याच नदीच्या वरच्या अंगास, नाशिकजवळ जलालपुरास, लक्ष्मीबाई टिळकांचे माहेर होते. त्यांचा जन्म १८६८ चा. त्यांच्या वडिलांचे सासरे १८५७ च्या प्रकरणात फाशी गेले आणि त्या धक्क्याने वडिलांस सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेली वस्तू, मीठसाखर देखील, धुतल्यावाचून घरात घेतली जात नसे. मीठ धुणे म्हणजे काय, याचा गृहिणींनी विचार करावा! एका फाशीचे भय असे त्या घरातील पाण्यात आणि पिठात उतरले होते, आणि लक्ष्मीबाई त्यावर वाढल्या होत्या.

त्यांचे पती नारायण वामन टिळक यांस आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते वेधले गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्या वेळी जवळ नव्हत्या. टिळकांचे थोरपण मान्य करूनही मला म्हणावेसे वाटते की, त्या दिवसाची किंमत त्यांच्याइतकीच, कदाचित अधिक, त्यांच्या पत्नीने भरली. नवरा जिवंत असून नाहीसा झाला. लहान दत्तू पदरात. नातलगांची कीव आणि टोमणे दोन्ही सोसावयाचे. काही वर्षांनी त्या पतीच्या आसऱ्यास गेल्या, त्याही आपले स्वयंपाकपाणी वेगळे ठेवून. प्रेम एकीकडे ओढीत होते, विटाळाचे भय दुसरीकडे.

हे भय कोणाच्या व्याख्यानाने गेले नाही. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्या सांगतात की, एके दिवशी आपणच विचार करीत बसल्या असता त्यांच्या मनात आले, जाती देवाने केल्या की माणसाने? पशुपक्ष्यांत देवाने भेद केले ते डोळ्यांना दिसतात. माणसांच्या जन्ममरणात तसा भेद कोठे दिसतो? पैठणच्या वाळवंटात तापलेल्या वाळूवरून अस्पृश्याचे मूल उचलून घेणाऱ्या एकनाथांच्या कथेत हाच प्रश्न आहे, हे मराठी श्रोत्यांस सांगावयास नको. लक्ष्मीबाईंनी उत्तर ठरविले आणि मग कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास आरंभ केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. म्हणजे भय आधी पूर्ण जिंकले आणि मग त्या चालू लागल्या असे नव्हे. एक घोट पाणी, मग एक घास, असे ते ओसरत गेले.

चितेगावच्या भगिनींस मी लिहिले की रविवारी अवश्य जावे, आणि तत्पूर्वी मुलास चांगल्या डॉक्टरास दाखवावे. प्रार्थना आणि औषध यांत वैर आहे, असे शुभवर्तमानात कोठे नाही. काम सुटल्याचे मंडळीतील वडीलधाऱ्यांस उघड सांगावे. संकोचाने झाकलेली गरज कोणाला भागविता येत नाही. आणि ‘स्मृतिचित्रे’ मिळवून वाचावे. त्याचा पहिला भाग १९३४ साली निघाला, म्हणजे लेखिका वारण्यापूर्वी दोनच वर्षे. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, जोडाक्षरे लिहिताना अडखळणाऱ्या या बाईने साठांहून अधिक अध्याय रचून ते पुरे केले. एके काळी पतीच्या घरचे पाणी पिण्यास ती भीत होती.