जुन्या बसगाड्यांचे निर्लेखन

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. गाडी धावली. तेव्हापासून खेड्यापाड्यांतील जनतेने या गाडीवर विश्वास टाकला आहे. नवी गाडी ताफ्यात दाखल झाली की तिचे कौतुक होते. परंतु आयुर्मान संपलेल्या गाडीचे पुढे काय होते, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. प्रवाशांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे.

झीज आणि दुरुस्ती

बसगाडी सहसा एकाएकी निकामी होत नाही. पावसाने व दमट हवेने सांगाडा गंजतो, सांधे सैल होतात, ब्रेक व स्टिअरिंगचे भाग झिजतात. दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील राज्य परिवहन महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळांत गाड्यांची बांधणी व मोठी दुरुस्ती होते. तथापि दुरुस्तीलाही मर्यादा असते. खर्च वाढत जातो आणि गाडीचा भरवसा मात्र कमी होतो. अशा वेळी तिचे निर्लेखन करणे हेच हिताचे ठरते.

जुनी गाडी लिलावात विकून तिच्यातून होईल तेवढी रक्कम उभी करावी, हा विचार वरकरणी व्यवहार्य वाटतो. परंतु ती गाडी पुन्हा रस्त्यावर आली, तर धोका नाहीसा होत नाही. तो केवळ एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातो. नव्या रंगाखाली गंज झाकला जातो आणि आत बसणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते.

नवे नियम

हे टाळण्यासाठी वाहने मोडीत काढणाऱ्या केंद्रांच्या नोंदणीचे व कार्याचे नियम केंद्र शासनाने २०२१ मध्ये केले. त्यापुढे १ एप्रिल २०२३ पासून, पंधरा वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद करण्यात आले. राज्य परिवहन उपक्रमांच्या बसगाड्यांनाही हा नियम लागू आहे. संरक्षण व कायदा-सुव्यवस्थेसाठी असलेली विशेष वाहने तेवढी वगळली आहेत. अशा गाड्या नोंदणीकृत केंद्रातच मोडावयाच्या असतात.

केंद्रात प्रथम वाहनाची कागदपत्रे पडताळली जातात. वाहन जमा केल्याचे प्रमाणपत्र मालकास मिळते. मग इंधन, तेल व बॅटरी काळजीपूर्वक काढून घेतात, कारण तेल व शिसे जमिनीत मुरल्यास माती व पाणी दूषित होते. चॅसिसवरील क्रमांकाचा तुकडा कापून वेगळा केला जातो, म्हणजे तो क्रमांक दुसऱ्या गाडीला जोडता येत नाही. अखेर नोंदणी रद्द होते. पोलाद व अॅल्युमिनियम मात्र वितळवून पुन्हा उपयोगात येते.

निरोप

मुंबईत १९३७ पासून धावणाऱ्या बेस्टच्या दुमजली गाड्यांपैकी अखेरची डिझेल गाडी १५ सप्टेंबर २०२३ रोजी सेवेतून निवृत्त झाली. मुंबईकरांनी तिला फुलांनी सजवून निरोप दिला. हा जिव्हाळा स्वाभाविक आहे. परंतु ज्या गाडीने वर्षानुवर्षे प्रवाशांना सुखरूप पोहोचविले, तिच्यामुळे पुढे कोणाचा जीव धोक्यात येऊ नये, याची व्यवस्था करणे हाही सार्वजनिक सेवेचाच भाग होय.