महामारी आणि आत्महत्या : आकड्यांमागील क्रम

राज्यातील कोविडचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. पुढे टाळेबंदीत, १९९७ मध्ये महानगरपालिकेत समाविष्ट झालेल्या वारजेसारख्या उपनगरात, हातावर पोट असणाऱ्यांची कामे थांबली. आता आत्महत्या तत्काळ वाढतील, अशी सार्वत्रिक धास्ती होती. प्रत्यक्षात २१ देशांच्या अभ्यासात पहिल्या काही महिन्यांत बहुतेक ठिकाणी तशी वाढ दिसली नाही. जपानमध्ये तर प्रमाण आधी घटले व २०२० च्या उत्तरार्धात, विशेषतः स्त्रियांमध्ये, वाढले. आरंभी सामायिक संकटात माणसे परस्परांना धरून राहतात. बचत संपून कर्ज थकू लागले की आधार सुटतो, असा याचा एक अर्थ लावता येतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार महाराष्ट्रात २०१९ मध्ये १८,९१६, २०२० मध्ये १९,९०९, तर २०२१ मध्ये २२,२०७ आत्महत्या झाल्या. मोठी वाढ दुसऱ्या वर्षातली आहे. तिचे कारण केवळ महामारीच, असे मात्र म्हणता येणार नाही.

हे आकडे मृत्यूंचे होत. प्रयत्नांची संख्या कितीतरी अधिक असते व बहुधा ती ‘अपघात’ या नोंदीआड दडते. लोकलज्जेइतकीच खटल्याची भीतीही त्यामागे असते. वस्तुतः मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते. तिला शिक्षा नव्हे, उपचार व पुनर्वसन देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. एकदा प्रयत्न केलेल्यास पुढेही धोका अधिक असल्याने हा उपचार महत्त्वाचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य समुपदेशन मिळते.