कन्फ्यूशियन परंपरा आणि तैवानची राज्यघटना
कन्फ्यूशियन विचारानुसार राज्यकर्त्याचा अधिकार त्याच्या सदाचरणावर अवलंबून असतो, आणि याच परंपरेतील प्राचीन विचारवंत मेन्शियसने तर प्रजेला राजापेक्षाही वरचे स्थान दिले. मात्र राज्यकर्ता बदलण्याचा मतदानासारखा शांततामय मार्ग या परंपरेने घडवला नाही, ही तिची मोठी उणीव होय. चिनी क्रांतिकारक नेते सन यत-सेन यांनी ती लोकशाहीने भरून काढताना विधिमंडळ, कार्यकारी मंडळ व न्यायमंडळ यांच्या जोडीला परीक्षा आणि नियंत्रण ही दोन स्वतंत्र अंगे सुचवली. पहिल्यामागे अधिकारी निवडण्याची, १९०५ मध्ये बंद झालेली शाही परीक्षापद्धती होती, तर दुसऱ्यामागे प्रसंगी सम्राटालाही त्याचे दोष दाखवणाऱ्या निरीक्षक अधिकाऱ्यांची प्राचीन व्यवस्था. चिनी प्रजासत्ताकाच्या १९४७ च्या घटनेतील ही पाचही अंगे तैवानात आजही टिकून असून, तेथील नियंत्रण मंडळ सरकारी अधिकाऱ्यांवर महाभियोग चालवण्याचा ठराव करू शकते.