साहेब कुठला रहिवासी? (लेखमाला : राज्य आणि रहिवास, भाग सहावा)

डोमिसाईल काढायचे म्हटले की नवी मुंबईकर पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे गोळा करू लागतो : शाळेचा दाखला, वीजबिले, रेशनकार्ड. इंग्रजी अमदानीतल्या ठाण्याच्या किंवा अलिबागच्या कलेक्टराला हाच हिशेब लावला असता, तर नोकरीच्या मध्यावरच तो इथला ठरला असता. तो कधीच ठरला नाही. का, ते आज पाहू.

राष्ट्रीयत्वात म्हणाल तर साहेब आणि ठाण्याची रयत यांत फरक नव्हता. दोघेही ब्रिटिश प्रजाजन. 1833 च्या सनदी कायद्यानेच सांगितले होते की धर्म, जन्मस्थान, वंश वा वर्ण एवढ्यावरून कुणाला कंपनीच्या नोकरीस अपात्र ठरवू नये. 1855 पासून स्पर्धा परीक्षा सुरू झाली, पण ती लंडनला! म्हणजे खरी अट उरली बोटीच्या भाड्याची. सत्येंद्रनाथ टागोर 1863 मध्ये ती पास झाले, मुंबई इलाख्यात आले आणि साताऱ्याला न्यायाधीश होते. हिंदुस्थानात परीक्षा व्हायला 1922 उजाडले. संस्थानांची गोष्ट आणखी वेगळी. कोल्हापूरचा माणूस कायद्याने ब्रिटिश प्रजाजनच नव्हता. त्याच्यासारख्यांना सरकारी पदाचे दार उघडायला 1916 ची दुरुस्ती लागली.

खरी मेख होती अधिवासात, म्हणजे डोमिसाईलमध्ये. कंपनीच्या काळात तिच्या करारबद्ध नोकराचा अधिवास हिंदुस्थानात गेला, असे इंग्लंडची न्यायालये मानत. राणीचे राज्य आल्यावर हे बदलले : तीस वर्षे इथे काढूनही साहेबाचे घर विलायतेतच राहिले. 1870 च्या कायद्याने ‘नेटिव्ह’ची व्याख्या केली : जन्म आणि अधिवास इथला, आणि आईबाप इथे केवळ तात्पुरत्या कामासाठी आलेले नसून कायमचे राहणारे. साहेबाचे मूल पुण्यात जन्मले तरी या व्याख्येबाहेर. भायखळ्यातल्या रेल्वेवाल्या अँग्लो-इंडियनचे मूल मात्र नोकरीपुरते नेटिव्ह. संरक्षण आणि शिक्षण यांच्यापुरते तेच युरोपियन! सोयीप्रमाणे माणसाची जात बदलणारा याहून बेरकी नियम माझ्या पाहण्यात नाही.

या तात्पुरतेपणाला पुढे रोख किंमतही आली. 1924 च्या ली आयोगाच्या शिफारशींनंतर आशियाबाहेर अधिवास असलेल्या अधिकाऱ्यांना वाढीव समुद्रपार भत्ता आणि नोकरीच्या काळात सरकारी खर्चाने विलायतेच्या चार परतीच्या फेऱ्या मिळू लागल्या. पगार इथल्या महसुलातून. म्हणजे इथला न होण्यातच फायदा होता, आणि तो फायदा रयतच भरत होती.

1950 च्या संविधानाने 1833 ची यादी पुढे नेली. अनुच्छेद 16 मध्ये जन्मस्थानाच्या जोडीला ‘निवास’ हा शब्द आला, आणि सरकारी नोकरीसाठी निवासाची अट घालायची तर तो अधिकार फक्त संसदेला दिला. पुढच्या आठवड्यात गोवा : 1961 नंतर तिथल्या लोकांचे नागरिकत्व कसे ठरले, ते पाहू.